टीव्ही हलका झाला, भिंतीचे काय?

माझ्या मावसबहिणीचे सासर कुंभकोणमचे. तंजावरला १६७०च्या दशकात व्यंकोजीराजांचे राज्य आले आणि भोसल्यांचा तो वंश १८५५ सालापर्यंत तेथे टिकला. त्या काळात कावेरीकाठी जी मराठी कुटुंबे स्थायिक झाली, त्यांपैकी हे एक. घरात अजून मराठीच बोलतात, पण त्या मराठीला तमिळची फोडणी असते. गेल्या दिवाळीनंतर मी ताईकडे चार दिवस राहायला गेले होते. नेमका त्याच दिवसांत त्यांच्याकडे नवा टीव्ही आला. पंचावन्न इंची.

निमित्त ताईच्या सासूबाईंचे होते. नातवंडांमुळे सारे घर त्यांना आजीच म्हणते. आजींची नजर अधू झाली आहे. जुन्या ३२ इंची पडद्यावर त्यांना माणसांचे चेहरे ओळखू येईनात. आषाढी एकादशीची पंढरपूरची पूजा नीट बघायला मिळावी, एवढीच त्यांची इच्छा. त्यामुळे भाऊजींनी हौसेने मोठा टीव्ही घेतला. दुसऱ्या दिवशी तो बसवायला एक तरुण मुलगा आला, खांद्याला पिशवी आणि हातात ड्रिल मशीन. आल्याआल्या त्याने जागा हेरली. बैठकीच्या खोलीतली, चौकाकडे तोंड असलेली मोठी भिंत. तिच्या पायथ्याशी आजींची खाट आणि खाटेशेजारी धाकट्या नातवाची सतरंजी.

"वजन किती याचे?" आजींनी विचारले.

"पंधरा किलो. तुमच्या तांदळाच्या पोत्यापेक्षा हलका," तो हसत म्हणाला.

पहिले भोक पाडायला त्याला पाच सेकंदही लागले नाहीत. मशीन लोण्यात सुरी जावी तसे आत गेले आणि भिंतीतून पांढरी भुकटी पिठासारखी खाली सांडू लागली. त्याने प्लास्टिकचा प्लग बसवला, तर तो बोटानेच आतबाहेर होऊ लागला. मग त्याने जाडसर प्लग काढला आणि हातोडी उचलली. तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, "बाळा, या घरात चार माणसे बसतात तो झोपाळासुद्धा भिंतीला टांगलेला नाही. तो वर तुळईला आहे."

तो थांबला. आम्ही सगळ्यांनीच वर बघितले. सागवानी तुळईतून आलेल्या लोखंडी कड्यांवर तो झोपाळा दोन पिढ्या झुलतो आहे. आजींचे म्हणणे खरे होते. ज्याने ते घर बांधले, त्याला कोणते वजन कोणी पेलायचे हे पक्के ठाऊक होते. आपण मात्र दुकानात पडदा किती इंची, चित्र किती स्वच्छ, हप्ता किती, एवढे विचारून टीव्ही घरी आणतो. तो ज्या भिंतीवर लावायचा, तिची चौकशी कोणी करत नाही.

वजन कुठे गेले?

पूर्वीचा टीव्ही जड होता, तो काचेमुळे. चित्रनळीच्या आत निर्वात पोकळी असे आणि बाहेरून हवेचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. चौदा इंची लहानशा पडद्याच्या तोंडावरसुद्धा हा दाब पाचशे किलोंच्या घरात जातो. तो सोसण्यासाठी काच जाड ठेवावी लागे. शिवाय आतून निघणारे क्ष-किरण अडवण्यासाठी काचेत शिसे मिसळलेले असे, आणि नळीच्या मानेभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी असत. त्यामुळे चौदा इंची संच दहा किलोंच्या आसपास भरे, एकवीस इंची वीस-पंचवीस किलो, आणि एकोणतीस इंची उचलायला तर दोन धडधाकट माणसे लागत.

तमिळनाडूत चौदा इंची रंगीत संच लाखो घरांत पोचला तो सरकारकडून. २००६ सालच्या निवडणुकीत द्रमुकने घरोघरी मोफत रंगीत टीव्हीचे आश्वासन दिले आणि सत्तेवर आल्यावर वाटप सुरू केले. २०११ साली सरकार बदलले, योजना बंद झाली आणि टीव्हीची जागा मिक्सर, ग्राइंडर व पंख्यांनी घेतली. ते चौदा इंची संच कोनाड्यात, कपाटावर किंवा स्टुलावर ठेवलेले असत. भिंतीला टांगण्याचा विचार कोणाच्या मनातही येत नसे. त्याची पाठच हातभर लांब.

मग सपाट पडदे आले. सुरुवातीचे प्लाझ्मा संच सपाट असले तरी हलके नव्हते. बेचाळीस इंची प्लाझ्मा पंचवीस-तीस किलोंचा सहज असे. एलईडीच्या उजेडावर चालणाऱ्या एलसीडी पडद्यांनी खरी क्रांती केली. आज ३२ इंची टीव्ही साधारण चार ते सहा किलो, ४३ इंची सात ते दहा, ५५ इंची चौदा ते अठरा आणि ६५ इंची वीस ते पंचवीस किलोंचा असतो. म्हणजे पूर्वीचा चौदा इंची डबा आणि आजचा ४३ इंची टीव्ही वजनाला जवळपास सारखेच. फरक एवढाच, की तो डबा स्टुलावर बसत होता आणि हा चार स्क्रूंवर लटकतो.

कळशी कडेवर आणि कळशी हातभर लांब

पंधरा किलो म्हणजे काही फार नव्हे, हे खरेच. पण ते वजन भिंतीपासून किती लांब आहे, यावर सारे अवलंबून असते. भरलेली कळशी कडेवर घेऊन बायका मैलभर चालत जात. तीच कळशी हात लांब करून पुढे धरून पाहा, दहा पावलांत खांदा भरून येईल. कळशीचे वजन वाढलेले नसते, अंतर वाढलेले असते.

टीव्हीचेही तसेच. भिंतीला चिकटून बसणाऱ्या साध्या ब्रॅकेटवर पंधरा किलोंचा टीव्ही भिंतीपासून सुमारे पाच सेंटिमीटरवर असतो. ब्रॅकेटचे वरचे आणि खालचे स्क्रू एकमेकांपासून वीस सेंटिमीटरवर आहेत असे धरू. पंधरा गुणिले पाच, भागिले वीस. म्हणजे वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर जेमतेम चार किलोंचा. आता तोच टीव्ही पुढे ओढून हवा तसा वळवता येणाऱ्या हाताच्या ब्रॅकेटवर लावा आणि तो हात अर्धा मीटर बाहेर काढा. पंधरा गुणिले पन्नास, भागिले वीस. जोर झाला साडेसदतीस किलो, नऊ-दहा पट! त्यात त्या लोखंडी हाताचे स्वतःचे वजन आणि पडदा वळवताना बसणारे हिसके धरलेलेच नाहीत.

भाऊजींनी हौसेने तसलाच वळणारा ब्रॅकेट आणला होता. जेवणाच्या जागेवरूनही बातम्या दिसाव्यात म्हणून! हे गणित वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवले, तेव्हा त्यांनी तो मुकाट्याने परत खोक्यात ठेवला.

तुमची भिंत कसली आहे?

कुंभकोणमच्या जुन्या घरांच्या भिंती चपट्या विटांच्या आणि चुन्याच्या. दिसायला जाडजूड, पण सिमेंटसारखा कडकपणा त्यांच्यात नाही. वरचा चुन्याचा गिलावाच कित्येकदा इंचभर किंवा त्याहून जाड असतो. ब्रॅकेटबरोबर मिळणारे स्क्रू बहुधा दोन इंचांचे. म्हणजे निम्मा स्क्रू गिलाव्यातच राहतो आणि विटेला जेमतेम टेकतो. अशा भिंतीत फुगून घट्ट बसणारे लोखंडी फास्टनर ठोकले, तर ते मऊ वीटच फोडतात. आणि ईशान्य मोसमी पाऊस तेथे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. दिवाळीत टीव्ही घ्यायचा आणि ओल धरलेल्या भिंतीत भोके पाडायची, असा तो योग असतो.

पण हे फक्त कुंभकोणमचे दुखणे नाही. आपल्याकडे प्रत्येक भिंतीचा स्वभाव निराळा.

जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती: यांना स्क्रू धरतच नाही. टीव्ही लावायचाच तर लाकडी खांब शोधा, नाहीतर जमिनीवर ठेवा.

कोकणातला आणि गोव्यातला जांभा: दगड सच्छिद्र असतो. चांगल्या जागी प्लग उत्तम बसतो, भोक पोकळीत गेले तर मुळीच बसत नाही. दोन दगडांमधल्या सांध्यात भोक पाडू नये.

फ्लॅटमधली चार इंची विटांची भिंत: पंधरा-वीस किलोंचा टीव्ही ती पेलते, मात्र ब्रॅकेट भिंतीला चिकटणारा हवा. भोक फार खोल नेले तर पलीकडे स्वयंपाकघरातली फरशी निखळते.

सिपोरेक्सचे हलके ठोकळे: नव्या इमारतींत हेच सर्रास दिसतात. यांच्यात हवेची बारीक छिद्रे असतात. साधा प्लग आज घट्ट वाटतो, पण सहा महिन्यांनी ढिला होतो. या ठोकळ्यांसाठी वेगळे, लांब आणि मोठ्या आट्यांचे प्लग मिळतात. तेच मागून घ्या.

जिप्सम बोर्डाची पोकळ भिंत: मागच्या लोखंडी किंवा लाकडी चौकटीतच स्क्रू जायला हवा. नुसत्या बोर्डावर कॅलेंडर लावा, टीव्ही नको.

सिमेंट काँक्रीटची भिंत किंवा खांब: यापेक्षा चांगली जागा नाही. भोक पाडायला वेळ लागतो आणि कारागीर कुरकुरतो, तेवढेच.

आपली भिंत कोणती, हे कळत नसेल तर बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक करून पाहा. भरीव आवाज आला तर बरे. ढबढब आवाज आला तर गिलावा सुटलेला आहे किंवा आत पोकळी आहे. पहिले भोक पाडताना बाहेर येणारी भुकटीही बरेच सांगते. लाल आली तर वीट, करडी आली तर काँक्रीट किंवा सिमेंटचा गिलावा, पांढरी मऊ आली तर चुना किंवा जिप्सम. लाल रंग दिसेपर्यंत मशीन किती आत गेले, तेवढी तुमच्या गिलाव्याची जाडी. स्क्रूची लांबी मोजताना ती वजा धरा.

कारागीर येण्यापूर्वी

दुकानातून येणारा मुलगा दिवसाला अनेक घरे करतो. त्याला टीव्हीची माहिती असते, तुमच्या घराची नसते. त्यामुळे काही गोष्टी आपणच पाहून ठेवलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट ब्रॅकेटची. टीव्हीच्या पाठीवर चार भोके असतात. त्यांचे आडवे आणि उभे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात आणि त्याला व्हेसा माप म्हणतात. १०० बाय १००, २०० बाय २००, ४०० बाय २०० अशी ही मापे असतात. ब्रॅकेट त्याच मापाचा हवा, आणि त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा तुमच्या टीव्हीच्या वजनाच्या दुपटीहून कमी नसावी. टीव्हीचे वजन माहितीपुस्तिकेत दिलेले असते. तेथे दोन आकडे असतील, तर स्टँड वगळून दिलेले वजन पाहा. खोक्यासकटचे वजन धरू नका.

दुसरी गोष्ट वायरिंगची. स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा खाली, तसेच त्याच्या आडव्या रेषेत भोक पाडू देऊ नका. भिंतीत पुरलेल्या वायरी बहुधा त्याच रेषांतून जातात. मागच्या बाजूला न्हाणीघर असेल तर पाण्याचा नळ कुठून जातो, तेही आठवून ठेवा.

तिसरी गोष्ट कामाची पद्धत. चुन्याच्या किंवा मऊ विटांच्या भिंतीत ड्रिलचा हातोड्यासारखा ठोका बंद करून नुसते फिरवून भोक पाडायला सांगा. भोक सांध्यात नको, विटेच्या मध्यात हवे. भुकटी फुंकून किंवा ब्रशने काढल्याशिवाय प्लग घालू नये. भोक सैल झाले, तर त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबायची आपल्याकडे जुनी खोड आहे. ती टीव्हीच्या बाबतीत तरी सोडा. अशा भोकात भरायचे रासायनिक मिश्रण मिळते. ते सुकून दगडासारखे होते आणि भिंतीवर बाहेरच्या दिशेने ताण देत नाही. दुसरा उपाय सुताराचा. पाऊण इंची जाड प्लायवुडची मोठी फळी आठ-दहा ठिकाणी भिंतीत पक्की करायची आणि ब्रॅकेट त्या फळीवर लावायचा. वजन अनेक जागी विभागले जाते.

चौथी गोष्ट परीक्षेची. ब्रॅकेट लागला की टीव्ही चढवण्याआधी तो दोन्ही हातांनी धरून आधी खाली आणि मग आपल्याकडे जोरात ओढा. तो केसभरही हलला किंवा कडेने भुकटी पडली, तर टीव्ही चढवू देऊ नका. कारागिराला राग येईल, येऊ द्या.

उंचीचेही तसेच. बऱ्याच घरांत टीव्ही देवाच्या तसबिरीच्या उंचीवर लावतात आणि मग मान दुखते म्हणून मलम चोळतात. पडद्याचा मध्य साधारण डोळ्यांच्या रेषेत यावा. सोफ्यावर बसणाऱ्यासाठी ती रेषा जमिनीपासून १०५ ते ११० सेंटिमीटरवर असते, आणि जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यासाठी ७५ ते ८० वर. घरात कोण कुठे बसून बघतो, ते आधी ठरवा आणि मग खूण करा.

जमिनीवरही बेसावध नको

भिंत नको म्हणून टीव्ही टेबलावर ठेवला की प्रश्न सुटला, असे मात्र नाही. हल्लीचे टीव्ही रुंद, पातळ आणि दोन टोकांच्या चिमुकल्या पायांवर उभे असतात. टेबल त्या पायांपेक्षा दोन्हीकडे थोडे तरी रुंद हवे. रांगणारे किंवा नुकतेच उभे राहू लागलेले मूल आधारासाठी हाताला येईल ते धरते. कप्प्यांच्या कपाटावर टीव्ही असेल, तर ते कप्पे त्याला जिन्यासारखे वाटतात. अमेरिकेत टीव्ही आणि कपाटे अंगावर कोसळून मरण पावणाऱ्यांत लहान मुलांचा वाटा एवढा मोठा आहे, की तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१५ साली ‘अँकर इट’ नावाची खास मोहीम सुरू केली. घरातले जड सामान भिंतीला बांधून ठेवा, एवढाच तिचा सांगावा. टीव्हीच्या पाठीवरच्या त्याच चार भोकांत अडकवायचे पट्टे बाजारात मिळतात. पट्टा टेबलाला किंवा भिंतीला पक्का करायला दहा मिनिटे पुरतात. आणखी एक काळजी घ्या. रिमोट, खेळणी किंवा खाऊचा डबा टीव्हीवर वा त्याच्यामागे कधी ठेवू नका. मूल चढते ते त्यासाठीच.

कुंभकोणमच्या घरी त्या दिवशी काय झाले, ते सांगायचे राहिलेच. तो मुलगा प्रामाणिक होता. "भिंत धरत नाही, पण तुम्ही म्हणाल तर लावतो," असे त्याने सरळ सांगितले. भाऊजींनी क्षणभर विचार केला. पैसे भरलेले, खोके फोडलेले, मुले वाट बघत बसलेली. अशा वेळी "लाव रे, काही होत नाही" हे वाक्य आपल्या तोंडून किती सहज निघते! त्यांच्याही निघाले असते. पण त्यांची नजर खाली गेली. खाटेवर आजी बसल्या होत्या आणि सतरंजीवर नातू पालथा पडून चित्रे रंगवत होता. त्यांनी त्या मुलाला कॉफी पाजली, भोक बुजवून घेतले आणि टीव्ही खोक्यात परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून आजींच्या सासऱ्यांच्या काळचे सागवानी बाक खाली आले. लांबरुंद, गुडघ्याएवढ्या उंचीचे आणि दोघांनाही उचलायला जड. ते खोलीतल्या लाकडी खांबाजवळ ठेवले, त्यावर टीव्ही उभा केला आणि मागून पट्टा घेऊन खांबाला आवळला. एक अडचण निघाली. झोपाळा जोरात घेतला तर त्याची कड पडद्याला लागत होती. मग बाक दोन हात पलीकडे सरकवले.

रात्री आजी खाटेवर बसून टीव्ही बघत होत्या. मान वर करावी लागत नव्हती. नातू सतरंजीवरच झोपी गेला होता आणि त्याच्या डोक्यावरच्या भिंतीवर बुजवलेल्या भोकाचा ओला डाग तेवढा दिसत होता. ताई म्हणाली, "उद्या त्यावर चुना लावते." आजी म्हणाल्या, "राहू दे चार दिवस. कोणी विचारले तर सांगता येईल."